'डूकी' की 'सेव्हियर्स': जुना आणि नवा अल्बम तोलायचा कसा

ग्रीन डे या अमेरिकन पंक-रॉक बँडचा विषय निघाला की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, १९९४च्या 'डूकी'नंतर सगळा उतारच आहे. दुसरा म्हणतो, २०२४चा 'सेव्हियर्स' ऐका, जुना सूर परत सापडलाय. मार्च २०२५मध्ये ही मंडळी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवून गेली, त्यामुळे हा वाद आता आपल्याही घरचा झालाय. माझं म्हणणं एवढंच आहे, की यातलं निम्मं भांडण गाण्यांचं नसतंच. ते ध्वनिमुद्रणाचं असतं. ते आधी वेगळं काढलं, की गाण्यांबद्दल बोलता येतं.

पहिली गोष्ट आवाजाच्या पातळीची. दोन मुद्रणांपैकी एक जरासं जरी मोठ्यानं वाजत असेल, अगदी एखाद्या डेसिबलनं, तरी कानाला तेच अधिक भरीव आणि 'चांगलं' वाटतं. नवे अल्बम बहुधा जास्त दाबून, म्हणजे ड्रमच्या ठोक्याचं टोक छाटून एकूण पातळी वर उचलून, तयार केलेले असतात. तेव्हा स्ट्रीमिंग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज समान ठेवण्याची सोय चालू करा. अल्बमची रीमास्टर केलेली, म्हणजे जुन्या मुद्रणाचा ध्वनी नव्यानं सुधारून काढलेली, आवृत्ती लागली आहे का, तेही पाहा. कुणीतरी यूट्यूबवर चढवलेली गाणी तुलनेला घेऊ नका; त्यांची फाइल कितव्यांदा दाबून लहान केली गेलीय, हे कळायला मार्ग नसतो.

पातळी जुळली, की कान तपासायला एक फार उत्तम नमुना खुद्द बँडनंच ठेवलाय. 'वेलकम टू पॅराडाइझ' हे गाणं त्यांनी दोनदा मुद्रित केलं: आधी 'डूकी'च्या आधीच्या 'करप्लंक' या अल्बमसाठी, लुकआउट या छोट्या स्वतंत्र कंपनीकडे असताना, आणि मग 'डूकी'साठी, रिप्राइझ या मोठ्या कंपनीकडे गेल्यावर. गाणं तेच, माणसं तीच: बिली जो आर्मस्ट्राँग (गळा आणि गिटार), माइक डर्न्ट (बेस), ट्रे कूल (ड्रम). लागोपाठ ऐका. पहिल्यांदा फक्त बेसकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा स्नेअर या कडक वाजणाऱ्या ड्रमकडे, तिसऱ्यांदा गळ्याकडे. जो फरक जाणवेल तो सगळा मुद्रणाचा आणि वाजवण्याच्या सरावाचा. रचनेचा त्यात जवळपास काही नाही. हा फरक कानात बसला, की पुढे 'सेव्हियर्स' ऐकताना कशाचं श्रेय गाण्याला द्यायचं आणि कशाचं स्टुडिओला, हे आपोआप कळू लागतं.

आणि लक्षात घ्या, 'जुनंच बरं होतं' ही तक्रार सर्वात आधी 'डूकी'वरच झाली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या क्लबमध्ये हे लोक वाढले. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथं मंच मिळत नसे, त्यामुळे करार होताच ग्रीन डेला ते दार बंद झालं. आज ज्याला आपण मूळ, अस्सल रूप म्हणतो, तेच तेव्हा बाटलेलं ठरलं होतं.

'डूकी'चा ध्वनी तरी कसा घडला? निर्माता रॉब कॅव्हालो. मुद्रण १९९३मध्ये, बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत, काही आठवड्यांत उरकलेलं. पहिलं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांच्या मुद्रणांची एकत्र जुळवणी, बँडला पटलं नाही म्हणून ते पुन्हा केलं गेलं, आणि त्यात जेरी फिन होता. याच फिननं पुढे ब्लिंक-१८२ या बँडचा १९९९चा गाजलेला अल्बम घडवला. म्हणजे पॉप-पंक म्हणून जो ध्वनी जगाला माहीत झाला, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. आर्मस्ट्राँगला कोरडा आवाज हवा होता. म्हणून गळ्यावर घुमारा फार कमी. माणूस त्याच खोलीत, हातभर अंतरावर उभा आहे असं वाटतं, ते यामुळे.

गिटार घेऊन सोबत वाजवायला बसणाऱ्यांची इथं हमखास फसगत होते. 'डूकी'वरच्या बहुतेक गाण्यांत सहाही तारा अर्ध्या सुरानं उतरवलेल्या आहेत. त्यामुळे 'बास्केट केस'मध्ये बोटं पांढरी तीनची (ई) आणि सूर काळी दोनचा (ई फ्लॅट). नेहमीच्या जुळणीवर वाजवलंत, तर प्रत्येक कॉर्ड अर्धा सूर वर पडेल आणि तुम्हाला वाटेल, कॉर्डच चुकताहेत. कॉर्डही पूर्ण नाहीत. मुख्यतः षड्ज-पंचमाची जोडी, गंधार वगळलेला; गिटारचा आवाज इतका विकृत (डिस्टॉर्ट) केल्यावर गंधार मिसळला की गढूळ होतं. कडव्यातला मूळ स्वरांचा क्रम सा, प, ध, ग, म, सा, प. सुरुवातीला तळहातानं तारा दाबलेली गिटार आणि गळा, एवढंच. ड्रम नंतर येतात. तो उशीर हीच या गाण्याची खरी युक्ती आहे. 'सेव्हियर्स'वरच्या 'स्ट्रेंज डेज आर हिअर टू स्टे'ची सुरुवात याच वळणाची आहे, आणि ते साम्य ऐकून कुणी 'परत आले!' म्हणालं तर नवल नाही. पण सुरुवातीचं वळण परत येणं आणि ड्रमच्या उशिरातून येणारा तो ताण परत येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२०च्या 'फादर ऑफ ऑल' या अल्बममध्ये जेमतेम सव्वीस मिनिटांत दहा गाणी होती, आणि निर्माता होता बुच वॉकर. जुन्या चाहत्यांना तो अल्बम फारसा रुचला नाही. 'सेव्हियर्स'साठी कॅव्हालो परतला, २०१२नंतर पहिल्यांदाच. तरीही माझ्या कानाला हा अल्बम 'डूकी'पेक्षा २००४च्या 'अमेरिकन इडियट'जवळचा वाटतो: गिटारींच्या भिंती रुंद, कोरस मोठे, गळ्याभोवती पोकळी जास्त. 'डूकी' परत आला या आनंदानं तो ऐकणाऱ्यांची निराशा इथंच होते.

मग गाण्यांचं काय? 'सेव्हियर्स'वर पंधरा गाणी जास्त झाली. दहा-अकरावर थांबायला हवं होतं. मधल्या भागात एकाच चालीची, एकाच वेगाची गाणी एकमेकांना खातात. शब्दांचाही फरक आहे. एकविशीतला आर्मस्ट्राँग एका खोलीबद्दल, कंटाळ्याबद्दल, स्वतःच्या डोक्यातल्या गोंधळाबद्दल लिहीत होता. एक्कावन्नाव्या वर्षी तो देशाबद्दल लिहितो, आणि तिथं घोषणा आड येतात. जिथं तो परत एका माणसाकडे वळतो, तिथं अल्बम उभा राहतो. 'डिलेमा' ऐका. व्यसनाचं गाणं आहे, सुरुवात हळू, जवळजवळ एकट्यानं गुणगुणल्यासारखी, आणि मग तिघे एकदम कोसळतात. इथं त्याला जुन्या ध्वनीची गरज पडलेली नाही. पहिला ठोका पडण्याआधीची दोन-तीन सेकंदं नीट ऐका. या अल्बमवर मला सर्वात जास्त भरवसा तिथं वाटतो.