ठाण्याचा किल्ला आणि टोपीकरांची चढाओढ

(दृश्य: कळवा पूल, खाडी, पलीकडे कारागृहाची भिंत)

कळव्याहून पूल ओलांडून ठाण्यात शिरलं की मध्यवर्ती कारागृहाची उंच भिंत लागते. रोज हजारो माणसं इथून जातात. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला.

मुंबईच्या इंग्रजांचा साष्टीवर, म्हणजे ठाणं ज्यावर आहे त्या बेटावर, आधीपासूनच डोळा. त्यांचं बेट चिमुकलं आणि उत्तरेला खेटून मराठ्यांचा मुलूख. मागणी करूनही साष्टी मिळेना. १७७२ मध्ये मॉस्टिन नावाचा वकील त्यासाठीच पुण्यात येऊन बसला. पुढच्या वर्षी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, पुण्यात दुफळी माजली आणि इंग्रजांना संधी दिसली. त्यातच गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी खबर मुंबईत थडकली. दुसऱ्याने घेण्याआधी आपण घ्यावं, एवढाच विचार.

(दृश्य: जुना नकाशा, खाडीतली गलबतं)

डिसेंबर १७७४. तोफा लागल्या. इंग्रज आरमाराचा वॉटसन जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. खंदक बुजवायचा पहिला प्रयत्न किल्ल्यातल्या शिबंदीने उधळून लावला. २८ तारखेला मात्र किल्ला पडला आणि आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. आपल्या गावात त्यांची आठवण कुणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

आता डाव पुण्यात. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस पुण्याला आला. नाना फडणवीसांनी त्याचं थाटात स्वागत केलं. फ्रेंच फौज, तोफा, बदल्यात चौलचं बंदर, अशी बोलणी सुरू झाली. चौल म्हणजे मुंबईच्या उंबऱ्यावर! तिकडे अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती बंड करून उठलेल्या, आणि १७७८ मध्ये फ्रान्सने त्या बंडखोरांशी उघड तह केला. मॉस्टिनची पत्रं वाचून मुंबई आणि कलकत्ता दोन्हीकडे धाबं दणाणलं. नानांचा या फ्रेंचावर फार भरवसा होता असं मला वाटत नाही. इंग्रजांना तो दिसत राहावा, एवढंच त्यांना हवं होतं. हाताशी इंग्रजांच्या तोडीचं आरमार नसताना एका युरोपीय सत्तेचा धाक दुसरीला घालणं, हे त्या काळात फार थोड्यांना जमलं.

जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज वडगावला कोंडीत सापडली. साष्टी परत देऊ असं लिहून दिलं, सुटका करून घेतली आणि नंतर कंपनीने तो करारच झुगारला.

(दृश्य: कोर्टनाक्याची वर्दळ)

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. मध्यस्थ आणि जामीन महादजी शिंदे. युद्धात इंग्रजांनी घेतलेली वसई परत आली. साष्टी, ठाण्यासकट, इंग्रजांकडेच राहिली. नानांनी शिक्कामोर्तब लांबवलं, कारण म्हैसूरचा हैदर अजून इंग्रजांशी झुंजत होता. डिसेंबरात हैदर वारला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये तह पक्का झाला.

त्यात एक कलम होतं: पोर्तुगीज वगळता दुसऱ्या कुठल्याही टोपीकराला, म्हणजे युरोपीयाला, पेशव्यांनी वखार घालू द्यायची नाही. ठाणं गेलं त्याहून मला हे कलम जास्त सलतं. नानांनी ज्या फ्रेंच भीतीवर इतकी वर्षं इंग्रजांना खेळवलं, तीच इंग्रजांनी कागदावर संपवून घेतली.