नळीतलं शेपूट

अध्यक्ष महोदय, सरपंचताई, वाचनालयाची मंडळी, आणि मागं पाराला टेकून बसलेले माझे जुने गिऱ्हाईक, म्हणजे ढोरांचे मालक. फळ्यावर विषय लिहिलाय, 'पाळीव कुत्री व मांजरीची पिल्ले : स्वभाव आणि वळण'. वेळ ४० मिनिटं. त्यातली बारा सत्कार, नारळ आणि माईकच्या खाकरण्यात गेली. मंचाखाली एक गृहस्थ केव्हाचे झोपलेत. चार पायांचे. नारळ फुटला तरी उठले नाहीत, प्रास्ताविकात कूस बदलली फक्त. त्यांच्यावर जरा लक्ष असू द्या.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून जन्म काढला, बहुतेक दारव्हा-दिग्रसकडं. लोक डॉक्टरसाहेब म्हणायचे, मी नाही म्हणायचो नाही. गाय अडली, बैलाचा खांदा सुजला की रात्री-बेरात्री बोलावणं. कुत्र्यासाठी मात्र कोणी बोलावलं नाही. बोलावलं ते कुत्रं चावल्यावर. आणि मी म्हटलं की बापा, याला वळण लावता येतं, तर प्रत्येक गावात एक तरी शहाणा म्हणणार, "साहेब, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच."

या म्हणीवर माझा जुना राग आहे. एक तर शेपूट सरळ करायचंच कशाला? आपल्या गावठी कुत्र्याचं शेपूट पाठीवर वळलेलं असतं ते त्याच्या घडणीतच. म्हैस शेपूट हलवते माश्या हाकलायला. कुत्रा शेपटीनं बोलतो, आणि तीच आपण नळीत कोंबायला निघालो! कंबरेसकट सैल हलतंय, तर गडी खुशीत आहे. उंच, ताठ, आणि नुसतं टोक थरथरतंय, तर हात मागं घ्या. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी चित्रीकरण करून मोजलं, की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. आता उद्या चावडीवर कुत्र्यामागं उजवं-डावं मोजत फिरू नका. (हशा) डोळ्यांना ते सहज दिसत नाही.

दुसरं म्हणजे ती म्हण सांगते, कुत्रं शिकत नाही. कुत्रं दिवसभर शिकतंय हो. मास्तर कोण, तर तुम्ही. आणि शाळा भरली आहे हे मास्तरलाच ठाऊक नाही. माझ्याच घरची फजिती सांगतो.

आमच्याकडे मोत्या होता. उन्हाळ्यात नळ पहाटे चारला यायचा. मंडळी उठून गुंड-बादल्या भरायची. एका पहाटे मोत्या भुंकला, बहुधा गल्लीतून डुक्कर गेलं असावं. गल्ली झोपलेली, म्हणून हिनं शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा चतकोर त्याच्यापुढं टाकला. मोत्या गप्प. ही खूश. दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी मोत्या पुन्हा भुंकला. डुक्कर नव्हतं, मी स्वतः पाहिलं. तो दाराकडं तोंड करून बसला होता, भुंकायचा, थांबायचा, कान टवकारून आतली चाहूल घ्यायचा, पुन्हा भुंकायचा. पुन्हा चतकोर. आठ दिवसांत गाडी अर्ध्या भाकरीवर आली, आणि नळाला सुट्टी असायची त्या दिवशीही मोत्याला सुट्टी नव्हती.

मी म्हटलं, मी बघतो. जनावरांचा माणूस ना मी! काठी घेऊन बाहेर गेलो. मोत्यानं शेपूट हलवलं. कारण आता भाकरीबरोबर साहेबही येऊ लागले! ओरडलो, तर तो आणखी जोरात. त्याला वाटलं मीही सोबतीला भुंकतोय. (हशा) मग ठरवलं, काहीच द्यायचं नाही, बघायचंही नाही. पहिल्या रात्री अर्धा तास भुंकला. दुसऱ्या रात्री पाऊण तास. इथंच माणसं हरतात. त्याचा हिशेब सरळ होता : काल एवढ्यात भाकर मिळत होती, आज जरा जोर लावावा लागेल. हा जोर ओसरायच्या आधी चढतोच. चौथ्या रात्री वाटलं, जमलं. आणि शेजारच्या आजीनं भिंतीवरून अख्खी भाकर टाकली. "मुकं जनावर हाय बिचारं, भुकेनं बोंबलते. तुमाले दयामाया हाय का नाही?"

झालं! वरली मटक्याचं काय असतं? रोज आकडा लागला असता तर माणूस कंटाळला असता. कधीही लागला नसता तर त्यानं नाद सोडला असता. महिन्यातून एकदा लागतो, म्हणून वावर विकेपर्यंत खेळतो. मोत्याचा आकडा लागला होता. शेवटी आजींच्या पाया पडलो. तिच्याच हातून भाकर देवविली, पण सकाळी सातला, आणि मोत्या गप्प बसलेला असेल तेव्हाच. आधी दोन क्षण गप्प, तेवढ्यावर तुकडा. मग जरा जास्त. तीन आठवडे गेले. वळण कोणाला लागलं विचाराल तर पहिलं आजीला, दुसरं हिला, तिसरं मला, आणि मोत्याला सगळ्यात शेवटी.

यावरून नामदेव महाराजांची गोष्ट आठवते. कुत्रं भाकर घेऊन पळालं, तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागं. कोरडी खाऊ नकोस, देवा! भक्तीत तो कळस आहे, माझा नमस्कार. पण वळणाच्या शास्त्रात पाहिलं तर चोरी केली की वर तूप मिळतं! तुम्ही-आम्ही नामदेव नाही, तूप जपून ठेवा.

आणखी एक अन्याय. वावरात जागलीला रोही आला, डुकरं आली, कुत्रं भुंकलं की शाबास. तेच कुत्रं आंगणात भुंकलं की काठी. त्यानं कुठल्या पंचांगात बघायचं? आणि काठीही दुपारच्या गुन्ह्याला संध्याकाळी. चप्पल फाडली बाराला, तुम्ही वावरातून आले सहाला. "बघा, कसं तोंड पाडून बसलंय, चोराच्या मनात चांदणं!" २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी हे तपासलं. कुत्र्यानं खाणं चोरलं की नाही, याचा त्या पडलेल्या तोंडाशी संबंधच निघाला नाही. मालक रागावला की तोंड पडायचं, आणि काही न केलेल्या कुत्र्यांचं तर जास्त पडायचं. आमचं दूध एकदा सांडलं, मार मोत्यानं खाल्ला, आणि चुलीमागं बसून मिशा कोण चाटत होतं? तर मांजर.

मांजरीवर आलोच, तर चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अरे, अर्धा विषय मांजरीचा! बरं, पळत सांगतो.

पिलू आईजवळ आठ आठवडे राहू द्या, कुत्र्याचंही आणि मांजरीचंही. लवकर ओढून आणलेलं पिलू जोरात चावतं, कारण चावल्यावर भावंडं कळवळून खेळ थांबवतात हा धडा अर्धा राहतो. पण आणल्यावर वेळ घालवू नका. कुत्र्याच्या पिलाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत उघडं असतं. लेकरं, ट्रॅक्टर, पाहुणे, छत्री, सगळं तेव्हा हळूहळू, न घाबरवता दाखवा. मांजरीचं दार तर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातच. म्हणून पिलू आईच्या मालकाकडं असतानाच रोज जाऊन त्याला हातात घेत जा. तणसाच्या ढिगात वाढलेलं पिलू तीन महिन्यांनी आणलं आणि ते माणसाला भीतं म्हटलं, तर दोष त्याचा नाही.

पिलाशी हातानं खेळू नका. आज बोट चावलं तर गंमत वाटते, सहा महिन्यांनी रक्त निघतं. सुतळीला चिंधी बांधा, तिच्याशी खेळवा, आणि खेळ झाला की सुतळी उचलून ठेवा, नाहीतर गिळेल. पलंग ओरबाडतं ते खोडीनं नाही. नखावरचं जुनं टरफल काढायचं असतं आणि पंजाचा वास ठेवायचा असतो. तिथंच बाभळीच्या ओंडक्याला सुतळी गुंडाळून उभा करा. घाणीसाठी घमेल्यात रेती ठेवा, जेवणापासून लांब. रेती रोज उपसा. नाक घाणीत घासायचं नाही. त्यातून पिलू एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर बसायचं नाही, कोठीत जाऊन बसायचं.

मांजर शिकत नाही म्हणता? १८९८ साली थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसानं मांजरी खोक्यात कोंडल्या. आधी धडपड, चुकून खटका दाबला गेला, दार उघडलं, बाहेर खाणं. दर खेपेला कमी वेळ. तुमच्या दुधाच्या कपाटाची कडी तिनं अशीच उघडलेली असते.

आणि हे शेवटचं, घाईत का होईना, नीट ऐका. पिलू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कुत्रं चावलं, मांजरीनं ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मिरची, चुना, तेल काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना, आणि सुयांच्या सगळ्या तारखा पाळायच्या. पाच मिनिटं झाली म्हणून हे मी...

(अध्यक्षांनी घंटी वाजवली.)

बघा! मंचाखालचे गृहस्थ उठले. आळस दिला, आणि निघाले थेट तिकडं, आलुबोंड्यांच्या टोपल्याकडं. नारळाला उठले नाहीत, माझ्या भाषणाला तर नाहीच. दरवर्षी घंटीनंतर फराळ सुटतो हे त्यांना कोणी शिकवलं? अध्यक्षसाहेब, तुम्हीच!