नरकासुराचा गोंद कपड्याला लागलाय? मशीन लावण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! दिवाळी तोंडावर आली की गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहायला लागतात. पोरं रात्र रात्र जागून सांगाडा बांधतात, गवत भरतात, कागदाचे थर चढवतात आणि घरी येतात ती खळ, फेविकॉल, ग्लू गनचे थेंब आणि चमकी अंगावर घेऊन. नरकासुर पहाटे जळून मोकळा होतो, टी-शर्ट मात्र आईच्या पुढ्यात येऊन पडतो.

आज मला एवढंच तुमच्या गळी उतरवायचंय: डाग कसला आहे ते कळेपर्यंत कपडा मशीनमध्ये टाकायचा नाही. आणि इस्त्री? तिचं नावच काढू नका. पाण्याने एक गोंद सुटतो, दुसऱ्याला पाणी लागतसुद्धा नाही, आणि उष्णतेने काही गोंद धाग्यात असे मुरतात की मग कपड्याचं फडकंच करावं लागतं.

खळीची काळजी नको. मैदा शिजवून केलेली ती, म्हणजे नुसता स्टार्च. कपडा साध्या पाण्यात भिजत घाला, फुगली की ब्रशने घासा, निघते.

आता फेविकॉल. (कॅमेरा जवळ.) हा खिसा बघा. कडेला डाग काचेसारखा पारदर्शक झालाय आणि मध्ये अजून पांढरट दिसतोय. पांढरट म्हणजे आत पाणी शिल्लक आहे. हा गोंद पाण्यात मिसळलेल्या बारीक प्लास्टिक कणांचा असतो. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे तो सावकाश सुकतो, आणि या एका बाबतीत गोव्याच्या दमटपणाचे आभार मानायला हरकत नाही. ओला असेल तर लगेच नळाखाली धरा, पण कपडा उलटा करून. पाण्याची धार मागच्या बाजूने आली की गोंद आला तसा बाहेर जातो. पुढून धार सोडलीत तर आत घुसतो.

सुकलेला असेल तर आधी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचा पापुद्रा खरवडा. नखाने ओढू नका, धागा निघून येतो. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून अर्धा-एक तास भिजवा. पापुद्रा पुन्हा पांढरट, रबरासारखा झाला की समजा काम जमतंय. ब्रश मारा. हट्टी असेल तर औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन टेकवा, पण आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून बघा, कपड्याचा रंग उतरत नाही ना. सुतारकामाचा, पाण्याला न जुमानणारा गोंद असेल तर मात्र फार आशा ठेवू नका.

ग्लू गनचा थेंब म्हणजे वितळणारं प्लास्टिक. ह्याला पाणी कशाला? कपडा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. थेंब कडक झाला की वाकवून तोडा, बराचसा टक्कन सुटतो. कडेला स्पिरिट सोडलं तर पकड आणखी ढिली होते. उरलेल्यासाठी, आणि फक्त ह्याच्यासाठी, इस्त्री चालेल: वर-खाली खाकी कागद ठेवा, इस्त्री मंद ठेवा, वितळलेला गोंद कागद ओढून घेतो. सुती कपड्यावरच हं, पॉलिस्टरवर नको.

आता फेविक्विकसारखे सुपरग्लू. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा ह्या जातीचं रसायन हाती लागलं. दिसेल त्याला चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं, आणि बाजारात यायला १९५८ उजाडलं. हवेतल्या ओलाव्यानेच ते घट्ट होतं, म्हणजे गोव्यात तर विचारूच नका. आता नीट ऐका: ओला सुपरग्लू सुती कपड्यावर सांडला तर एवढा तापू शकतो की धूर निघतो, कातडी भाजते. म्हणून कापसाने पुसायला जाऊ नका. कपडा अंगापासून दूर करा आणि भरपूर पाणी ओता.

पूर्ण सुकल्यावर मग अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर घेत असाल तर बाटलीवर अ‍ॅसिटोन लिहिलंय का बघा, सगळ्यांत नसतं. डागाखाली जुनं फडकं ठेवा, वरून थेंब टाका, गोंद मऊ झाला की खरवडा आणि परत तेच. घाई नको. लेबलवर अ‍ॅसिटेट लिहिलेलं असेल तर अ‍ॅसिटोनला हातच लावायचा नाही, कपडाच विरघळेल. रेशमी साडी असेल तर सरळ ड्राय-क्लीनरकडे द्या. आणि हे रसायन भुर्रकन पेटतं. देवघरातली समई, गॅस, पोरांचे फटाके सगळं लांब, खिडक्या उघड्या.

सेलोटेपचा, स्टिकरचा चिकटा उरलाय? फणस कापताना चिकाला आपण जे लावतो तेच, खोबरेल तेल. चोळा, थोडा वेळ थांबा, पुसा. तेलाचा डाग मग भांड्यांच्या साबणाने काढा, पाणी लावायच्या आधी साबण कोरड्यावरच चोळायचा.

अ‍ॅक्रेलिक रंग ओला असेल तर पाणी, सुकला असेल तर स्पिरिट. ऑइल पेंटला टर्पेंटाइन. चमकी धुवायला जाऊ नका, मशीनमधल्या सगळ्या कपड्यांना लागेल. कोरडी असतानाच टेपने उचला.

काहीही वापरलंत तरी नंतर कपडा साबणाने धुवा आणि दोरीवर वाळवा. वाळल्यावर डागाच्या जागी बोटं फिरवा. कडक लागलं तर पुन्हा भिजवा, मऊ लागलं तरच इस्त्री.

आणि हो, काजूच्या बोंडूच्या डागांबद्दल विचारताय, ते वाचलंय मी. ते काजूच्या हंगामात बघू.