वैशाखातले सूत, पौषातले बळ

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी एक क्षण असा येतो, की उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच नाहीशी होते. सूर्य नेमका डोक्यावर आलेला असतो, पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि या पत्र्याच्या छपराखाली यंत्रमाग मात्र चालूच असतो. समोर दिसणारे विणकर काका चादर विणत आहेत. त्यांच्या हातांकडे पाहा. ताण्यातला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला, माग थांबला, दोन बोटांनी टोके शोधून काकांनी गाठ मारली आणि माग पुन्हा सुरू झाला. श्रावणातल्या दमट हवेत हेच सूत इतक्या वेळा तुटत नाही. सुती धाग्याचे बळ त्याच्यातल्या ओलाव्यावर अवलंबून असते. वैशाखातल्या कोरड्या हवेत तो ओलावा उडून जातो, सूत कडक होते आणि तुटू लागते. म्हणूनच मागाच्या आजूबाजूला जमिनीवर पाणी शिंपडले जाते.

सुताची ही काळजी ऋतू पाहून घेतली जाते. माग चालवणाऱ्या शरीराची काळजीही ऋतू पाहूनच घ्यायला हवी, एवढेच आम्हाला या चित्रफितीतून सांगायचे आहे.

उन्हाळ्यात माणूस आळशी होतो, असे आपण सहज म्हणतो आणि त्यात त्या माणसावर अन्याय करतो. उष्म्यात हृदयाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. स्नायूंना रक्त पुरवायचे असतेच, शिवाय आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी बरेचसे रक्त त्वचेकडेही वळवायचे असते. त्यामुळे जानेवारीत जे काम सहज होते, त्याच कामाला मे महिन्यात नाडी अधिक वेगाने चालते आणि घामावाटे पाणी व मीठ दोन्ही निघून जातात. त्यातच रात्रीची झोप तुटते. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटून गेली तरी उष्णता सोडत राहतो. सकाळी जाणवणारा थकवा आदल्या दिवशीच्या कामाचा जितका, तितकाच या अपुऱ्या झोपेचाही असतो.

आपल्या जुन्या वैद्यकाने हे फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात वर्षाचे दोन भाग केलेले आहेत. शिशिर, वसंत आणि ग्रीष्म हा आदानकाळ, म्हणजे सूर्य बळ ओढून घेतो तो काळ. वर्षा, शरद आणि हेमंत हा विसर्गकाळ, म्हणजे बळ परत मिळण्याचा काळ. माणूस सर्वांत दुर्बळ असतो तो ग्रीष्मात आणि पावसाळ्यात, आणि सर्वांत सशक्त असतो तो हेमंतात आणि शिशिरात, असा त्यातला हिशेब आहे. आयुर्वेदाचे दुसरे जुने आचार्य वाग्भट यांनी व्यायामालाही हेच माप लावले आहे: थंडीत आणि वसंतात आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंत व्यायाम करावा, एरवी त्याहूनही कमी. एरवी दिवसा झोपू नये असे बजावणारे हे शास्त्र ग्रीष्मात मात्र दुपारच्या झोपेला मोकळीक देते, कारण त्या दिवसांत रात्री लहान असतात. सोलापुरात डिसेंबरचा दिवस आणि जूनचा दिवस यांच्या लांबीत जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मोकळिकीचे कारण पटते.

या हिशेबातली पावसाळ्याची गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. पहिला पाऊस पडला की आता सुटलो, असे वाटते. पण उन्हाळ्याने शिणलेले शरीर एका सरीने भरून निघत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे ढग पुष्कळ आणि पाऊस थोडा, अशी स्थिती अनेकदा असते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि मळभामुळे उत्साहही येत नाही. सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. इथला शेतकरी त्याचीच वाट पाहतो आणि काळ्या जमिनीत ओल मुरली की ज्वारी पेरतो. पुढे ते पीक बहुतांशी त्या साठलेल्या ओलीवरच वाढते. आषाढात अंगात जोर नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनी या रब्बीच्या शेतीकडे एकदा पाहावे.

मग थंडी येते. हुरड्याच्या आगट्या पेटतात, शेंगाचटणीबरोबर एक भाकरी जास्त जाते आणि ती पचतेही. नेमक्या याच दिवसांत, मकरसंक्रांतीला, ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, घातलेले मानकरी आणि भक्त सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच, जड काठ्या, पेलत शहरातल्या ६८ शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. हा भार आयत्या वेळी उचलता येत नाही, त्यासाठी आधीपासून सराव चालतो. वर्षातले हे शारीरिक कष्टाचे मोठे काम बळाच्या ऋतूत येते, याचे आम्हाला कौतुक वाटते. घर बदलणे, नवा व्यायाम सुरू करणे, परीक्षेची कसून तयारी, अशी कामे ज्यांना पुढेमागे करता येतात, त्यांनी ती कार्तिक ते माघ या काळात आणावीत.

सर्वांनाच हे शक्य नसते, आणि ते बोलल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विणकराला विणलेल्या मालावर आणि विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. दुपारी दोन तास पडून राहा, हा सल्ला त्यांच्या पोटाला चिमटा काढतो. कामाची वेळ पहाटेकडे सरकवणे, छपराला पांढरा रंग देणे, हाताशी पाण्याचा माठ असणे, या गोष्टी मालकाच्या हातात आहेत आणि त्या त्याने केल्याच पाहिजेत.

सर्वांत जपायचा काळ मे नसून मार्चचा आहे. शरीराला उष्म्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या अवधीत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून उन्हात प्रथमच काम करणाऱ्याने पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकेच काम करावे आणि रोज तेवढीच भर घालावी. तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, जेवणात ज्वारीची आंबील आणि मीठ घातलेले ताक असावे. मात्र हिवाळ्यातही थकवा हटत नसेल, तर ऋतूला दोष न देता रक्त तपासून घ्यावे. रक्तक्षय, मधुमेह आणि थायरॉईडचे विकार अशाच थकव्याआड लपलेले असतात.

पुन्हा त्याच पत्र्याखाली येऊ या. धागा तुटला आहे, माग थांबला आहे. काकांनी गाठ मारली, पण या वेळी बटण लगेच दाबले नाही. ते माठाकडे गेले, उभ्याउभ्या पाणी प्यायले, ओल्या हाताने मान पुसली आणि मगच मागापाशी परतले.