टापांमधली जागा

(दृश्य: टेपची फिरती चकती. पार्श्वभूमीला फक्त बास गिटार.)

निवेदन:

२५ ऑक्टोबर १८५४, क्रायमियातलं बालाक्लाव्हा. हुकूम समजून घेण्यात घोळ झाला आणि ब्रिटिशांचं हलकं घोडदळ थेट रशियन तोफांच्या तोंडी गेलं. ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनचं ‘द ट्रूपर’ याच चढाईवर आहे. १९८३ सालच्या ‘पीस ऑफ माइंड’ अल्बममधलं हे गाणं बहामातल्या नासाऊला, कंपास पॉइंट स्टुडिओत ॲनालॉग टेपवर रेकॉर्ड झालं. निर्माता होता मार्टिन बर्च.

गाण्याची चालच घोड्याची आहे: एक स्वर लांब, दोन आखूड. मेटलवाले याला ‘गॅलप’ म्हणतात. मिनिटाला १६० ठोके धरले, तर एक ठोका ३७५ मिलिसेकंदांचा. त्यातला लांब स्वर साधारण १८८ मिलिसेकंद, आखूड दोन प्रत्येकी ९४. मेडनचा स्टीव्ह हॅरिस हे बासवर बोटांनी वाजवतो, पिक (तार छेडायची चपटी पट्टी) न घेता. कडव्यात तर वाद्यं जवळजवळ थांबतात, गायक ब्रूस डिकिन्सन एकटा ओळ म्हणतो आणि मग सगळे मिळून उत्तर देतात. मजा आहे ती या मोकळ्या जागेत.

(दृश्य: पडद्यावर ध्वनीचा आलेख. टोकं कापली जाऊन त्याची सपाट पट्टी होते.)

ही जागा खातो तो लिमिटर. सीडी जोरात वाजावी म्हणून मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या संस्कारात, तो आवाजाची टोकं दाबतो, आणि मग सगळाच आवाज वर उचलता येतो. दाब सुटायला लागणाऱ्या वेळेला ‘रिलीज’ म्हणतात. तो २०० मिलिसेकंद ठेवला, तर ९४ मिलिसेकंदांनी येणारा पुढचा स्वर दाबाखालीच सापडतो. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पडला की गिटार खाली बसते, मग हळूहळू वर येते. बरं, रिलीज अगदी कमी करून पाहावा, तर बासची सगळ्यात जाड तार आड येते. तिचा खालचा ‘ई’ ४१ हर्ट्झचा, म्हणजे एकेक लहर २४ मिलिसेकंदांची. रिलीज त्याहून बराच कमी झाला, तर लिमिटर लहरीचा आकारच बदलतो आणि बास फाटतो. एक-दोन डेसिबल दाबले तर सहसा कळतही नाही. सहा-सात दाबले की टाप जाते आणि नुसती घरघर उरते. मेडनच्या जुन्या अल्बमांच्या १९९८ च्या सीडी आधीच्यांपेक्षा जोरात आहेत. चांगल्या आहेत का, हा वेगळा प्रश्न.

अमेरिकन मेटल बँड मेटालिकाच्या १९८८ मधल्या ‘वन’ या गाण्याचं दुखणं निराळं. पहिल्या महायुद्धात हातपाय, दृष्टी, वाचा सगळं गमावलेला सैनिक हा विषय. उत्तरार्धातला किक ड्रम मशीनगनसारखा स्वच्छ ऐकू येतो, पण बास गिटार मिक्समध्ये इतकी खाली ठेवलीय की शोधावी लागते.

आणि २००६ चा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’. लंडनच्या सार्म वेस्ट स्टुडिओत निर्माता केव्हिन शर्लीने केलेल्या या अल्बमचं मास्टरिंगच मेडनने टाळलं. त्यातलं ‘द लाँगेस्ट डे’ नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांचं. ते दबक्या आवाजात सुरू होऊन चढत जातं, आणि हा चढ इथे शाबूत आहे. अर्थात मास्टरिंग टाळलं म्हणून सगळं साधत नाही. तीन गिटारी मधल्या पट्टीत गर्दी करतात, तिथे आवाज गढूळ वाटतो.

(दृश्य: ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक दोन ट्रॅक.)

एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्यांची तुलना करायची तर दोन्ही सीडींवरून वेव्ह फाइल काढा, एमपीथ्री नको. ऑडॅसिटीतल्या लाउडनेस नॉर्मलायझेशनने दोन्ही गाणी उणे १८ लफ्सवर आणा (लफ्स म्हणजे कानाला जाणवणारा जोर मोजायचं एकक). ही पायरी गाळली, तर जी फाइल जोरात वाजते तीच कानाला सरस वाटते. स्पॉटिफायही मूळ सेटिंगमध्ये गाणी उणे १४ लफ्सच्या आसपास आणतं. उणे ७ वर ठोकून भरलेलं गाणं तिथे ७ डेसिबल खाली येतं, दाबलेली टोकं मात्र परत मिळत नाहीत. आता डोळे मिटून स्नेअर ड्रमचा (काडीने वाजवायच्या करकरीत ड्रमचा) ठोका ऐका: आधी टणत्कार येऊन मग त्याची शेपूट विरते, की दोन्ही एकाच जोराने येतात?