यंदाचा किल्ला पोरांच्या हातचा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तू जरा बाजूला हो बघू, मध्ये मध्ये करू नकोस." आई कढईपाशी, बाबा स्टुलावर चढून जळमटं काढतायत, आजी करंज्या भरतेय, आणि चार-पाच वर्षांचं पोर या खोलीतून त्या खोलीत हिंडतंय. जिथे जाईल तिथून त्याला हाकललं जातंय. शेवटी कुणीतरी त्याच्या हातात मोबाइल देतं आणि घर शांत होतं. मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे या वयाच्या मुलांशी माझा रोजचा संबंध आहे. आज मला या पोराची बाजू मांडायची आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना दिवाळीत काम द्या. खरं काम द्या, म्हणजे घराला लागणारं आणि झालं नाही तर अडेल असं. नुसता वेळ जावा म्हणून दिलेलं काम मुलं फार पटकन ओळखतात आणि पाच मिनिटांत सोडून देतात.

सुरुवात किल्ल्यापासून करते, कारण त्याची तयारी सगळ्यात आधी लागते. वसुबारसेला किल्ला हिरवा दिसायला हवा असेल, तर त्याच्या पाच-सहा दिवस आधी माती भिजली पाहिजे. विटांचे तुकडे, दगड, पुठ्ठ्याचे जुने खोके, जे असेल ते रचून डोंगराचा उंचसखल आकार करायचा. त्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि गोणपाटावर चिखलाचा थर द्यायचा. यातली माती चाळण्याचं काम तीन वर्षांचं मूलही करतं, आणि तासभर करतं. चाळणीत उरलेले खडे फेकू देऊ नका, पुढे तटबंदीला लागतात. चिखल तुडवायला पाचसहा वर्षांची मुलं घ्या. पाय घोट्यापर्यंत बुडू देत. चिखल पोळीच्या कणकेपेक्षा थोडा सैल झाला की थांबायचं. त्याहून पातळ झाला तर तो उतारावर टिकत नाही, घसरून पायथ्याशी येतो.

हिरवळीसाठी अळीव आणा. मोहरीही चालते, पण अळिवाची गंमत वेगळी आहे. पाणी लागलं की त्या दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टण तयार होतं आणि दाणा ओल्या मातीला चिकटून बसतो, म्हणून अगदी उभ्या कड्यावरही तो तग धरतो. मोहरीचे दाणे गोल, ते गडगडत खाली येतात आणि सगळं रान पायथ्याशी उगवतं. अळीव पेरल्यावर पहिले एक-दोन दिवस वर ओलं फडकं टाकून ठेवा आणि पाणी ओतू नका, हातानं शिंपडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात, चार-पाच दिवसांत हिरवळ होते. सकाळी उठल्या उठल्या फडकं उचलून बघण्याचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्याला द्या. रोपं वर आली की फडकं काढून टाकायचं, नाहीतर ती पिवळी पडतात.

आता किल्ला कुठला करायचा? नुसता डोंगर आणि वर सिंहासन असंही चालतं. पण मुलांपुढे एखाद्या खऱ्या गडाचा नकाशा किंवा फोटो ठेवला की त्यांचे प्रश्न सुरू होतात, आणि त्या प्रश्नांसाठीच तर हा सगळा खटाटोप. लहानांसाठी मी राजगड सुचवते. मधे उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाट सोंडा, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. हा आकार मुलांच्या पटकन ध्यानात येतो आणि मातीत करायलाही सोपा. थोड्या मोठ्यांसाठी रायगडाचा महादरवाजा घ्या. दोन बुरुजांच्या आड दार असं वळवून बसवलंय की समोरून येणाऱ्याला ते दिसतच नाही. "दार लपवलं कशाला?" हा प्रश्न मूल विचारणारच. लगेच उत्तर देऊ नका. एक प्लास्टिकचा हत्ती त्याच्या हातात द्या आणि म्हणा, धावत येऊन दाराला धडक मारून दाखव. हत्तीला धाव घ्यायला जागाच नाही, हे त्याचं त्यालाच कळतं.

हेही मुलांना जरूर सांगा, की २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, प्रतापगड, पन्हाळा, समुद्रकाठचा विजयदुर्ग, आणि पाण्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. जलदुर्ग करायचा असेल तर मोठ्या परातीत पाणी घेऊन मधे दगडमातीचं बेट उभं करा. फ्लॅटमधल्या गॅलरीत तर हाच किल्ला सोयीचा. जमीन खराब होत नाही आणि कागदी होड्यांचं आरमारही आयतं जमतं.

आमच्या बालवाडीतल्या एका मुलीनं किल्ला झाल्यावर विचारलं होतं, "मावळे आंघोळ कुठे करतात?" मग आम्ही गडावरच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल बोललो. पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या टाक्यांमध्ये साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं, पाणी नाही तर गड नाही. तिनं नारळाची करवंटी मातीत रुतवून टाकं केलं. मग टाक्याशेजारी दोन काड्या रोवल्या, त्यांना दोरा बांधला आणि त्यावर कागदाचे एवढे एवढे अंगरखे वाळत घातले. तो किल्ला बघायला आलेला प्रत्येक माणूस त्या दोरीपाशी थांबायचा. कुठल्याही तयार साच्यात ही दोरी येणार नाही. म्हणूनच बाजारात मिळणारे प्लास्टरचे तयार किल्ले मला अजिबात पटत नाहीत. ते दिसतात सुबक, पण मुलाला करायला त्यात काहीच उरत नाही. चित्रं मात्र विकत घ्या, मातीचे मावळे, महाराज, बैलगाडी, पाणी भरणारी बाई. कुंभाराच्याही घरी दिवाळी यायला हवी.

आणि मोठ्यांना एक हात जोडून विनंती. मावळा दरवाजापेक्षा उंच झाला तर होऊ दे. सुवेळा माचीवर जिराफ उभा असेल तर राहू दे. मूल झोपल्यावर गुपचूप किल्ला नीट करू नका. सकाळी त्याला ते कळतं, आणि पुढच्या वर्षी ते म्हणतं, बाबा, तुम्हीच करा.

आता आकाशकंदील. कामट्यांचा कंदील बांधणं लहानांच्या आवाक्याबाहेरचं आहे. तो बाबा, काका, आजोबांनी बांधावा आणि पतंगी कागद चिकटवायला मुलांना घ्यावं. चिकटवायला खळ घरीच करा. कपभर पाण्यात चमचाभर मैदा गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. बुरशी आणि कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत, ते मुलांच्या कामात बिलकूल नको, कारण मोरचूद विषारी असतं. साधी खळ दोन दिवस टिकते, तेवढं पुरे.

सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याला जमेल असा एक कंदील सांगते. रंगीत कार्डशीटचा आयताकृती कागद लांबीच्या बाजूनं मधोमध दुमडायचा. दुमडलेल्या कडेकडून उघड्या कडेकडे बोटबोटभर अंतरावर काप द्यायचे, पण उघडी कड दोन बोटं शिल्लक ठेवायची. मग कागद उलगडायचा आणि काप उभे राहतील असा गोल वळवून टोकं चिकटवायची. मधला भाग आपोआप फुगून बाहेर येतो, आणि तो फुगताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. खाली कागदाच्या शेपट्या लावा. आत एलईडीचा छोटा दिवा सोडा, तो फारसा तापत नाही. कागदाच्या कंदिलात पेटती पणती किंवा मेणबत्ती मात्र कधीही ठेवू नका.

पणत्यांबद्दल थोडक्यात. नव्या पणत्या काही तास पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे त्या तेल कमी पितात. बुडवल्यावर त्यातून बुडबुडे येतात आणि बारीक आवाज येतो, तो मुलांना कान लावून ऐकू द्या. मग वाळवून बाहेरच्या अंगाला गेरू आणि वर पांढरे ठिपके.

रांगोळी चिमटीतून सोडणं लहान बोटांना लवकर जमत नाही, पण लक्ष्मीची पावलं दोन वर्षांच्या बाळालाही जमतात. तांदळाचं पीठ पाण्यात दाटसर कालवा. बाळाची मूठ वळून करंगळीकडची बाजू त्यात बुडवा आणि फरशीवर दाबा. तळवा उमटतो. वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले की झालं पाऊल. उजव्या मुठीचं एक, डाव्या मुठीचं दुसरं, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत. बोटं घराच्या आत वळलेली हवीत एवढं मात्र बघा.

फराळात कढईजवळचं काम मुलांचं नाही, हे आधीच ठरवून टाका. तळणीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं त्यांचं. त्यात शंकरपाळ्यांना तोड नाही. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप. वाटी तीच, म्हणून मोजायचं काम मुलाकडे. हे एकत्र गरम करून साखर विरघळली की खाली उतरवायचं. कोमट झाल्यावर त्यात मावेल तेवढा मैदा घालून घट्ट भिजवायचं. तो मळायला मुलाला द्या, तूप असल्यामुळे हाताला चिकटत नाही. अर्ध्या तासानं जाडसर पोळी लाटा आणि कातणं त्याच्या हातात द्या. आधी उभ्या रेघा, मग तिरक्या. त्या दातेरी चाकाची फिरत जाणारी वाट मुलं इतकी मन लावून बघतात, की जीभ बाहेर आलेली त्यांना कळतही नाही. शंकरपाळ्या वाकड्या होतील, काही नखाएवढ्या, काही पुरीएवढ्या. एकत्र तळल्या तर बारक्या करपतात आणि मोठ्या आत कच्च्या राहतात. म्हणून तळायच्या आधी लहान-मोठ्या निवडून दोन ताटांत लावायचं काम परत मुलांचंच. पाहुणे आले की या शंकरपाळ्या कोणी कापल्या ते आवर्जून सांगा, आणि मूल समोर असताना सांगा.

बेसनाचा लाडू वळणं अवघड वाटलं तर प्रत्येक लाडवावर मनुका लावायचं काम द्या. चिवड्यात एक काळजी घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. त्याच्या वाटीतले दाणे वेगळे काढा किंवा कुटून घाला.

नरकचतुर्दशीला पहाटे मुलांना उठवणं हे मोठंच काम. आदल्या दिवशी उटणं त्यांनाच कालवायला लावा, म्हणजे सकाळी ते लावून बघायची उत्सुकता असते. कारीट, म्हणजे ते छोटंसं कडू फळ, मिळालं तर जरूर आणा. आंघोळ झाली की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं ते फोडायचं, नरकासुर म्हणून. कडू असतं हे सांगूनही एखादं मूल जिभेला लावून बघतंच. कारिटाची चव ज्यानं एकदा घेतली, त्याला ती पहाट जन्मभर आठवते.

फटाक्यांबद्दल स्पष्ट बोलते. लहानांसाठी निरुपद्रवी म्हणून आपण त्यांच्या हातात नागगोळी देतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला होता. त्यात सगळ्यात जास्त सूक्ष्म कण नागगोळीतून निघाले, आणि मूल तर तिच्यावर ओणवं होऊन बघत असतं. नागगोळी आणूच नका. फुलबाजी पेटते तेव्हा तिचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं, आणि विझल्यावरही तार तापलेली असते. शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि विझलेली तार लगेच तिच्यात टाकायची सवय लावा. अंगात सुती कपडे, पायात चपला. भाजलंच तर वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. भाजलेला भाग मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर भाजलं असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

भाऊबीजेचं तबक बहिणीला, ती चार वर्षांची असली तरी, तिचं तिला लावू द्या. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. निरांजन पेटवणं आणि ओवाळताना तबकाला खालून हात देणं एवढं आपलं काम. भाऊही तेवढाच असेल तर ओवाळणीचं पाकीट त्यानं स्वतः करावं, घडीच्या कागदाचं, वर हवं ते चित्र काढून. दुसऱ्या दिवशी किल्ला उतरवतानाही मुलांना बरोबर घ्या. मावळे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवायचे, आणि माती अळिवाच्या मुळांसकट कुंड्यांमध्ये टाकायची.

तुम्हा सगळ्यांना आणि तुमच्या घरातल्या बाळगोपाळांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. नमस्कार.