तीर्थनच्या दगडाखालची अळी

[दृश्य : अंधारात फक्त पाण्याचा आवाज. मग हळूहळू नदी दिसू लागते.]

हा दगड उचलायला दोन्ही हात लागतात. पाणी बर्फाचं आहे, त्यामुळे मिनिटभरात बोटं आपली राहत नाहीत. तरी उचलू या.

[दृश्य : दगडाची ओली, खालची बाजू. कॅमेरा अगदी जवळ.]

वरून हा दगड नुसता गुळगुळीत. खाली मात्र चाळ भरलेली असते. वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्याशा नळ्या. एका खाचेत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी, चिखलाने माखलेलं. आणि ही बघा, बासमतीच्या दोन दाण्यांएवढी हिरवी अळी. उजेड लागला तशी अंग चोरून घेतेय.

ही कॅडिसची अळी. ट्राउट मासा गळाला लावण्यासाठी आज आपण हिची नक्कल करणार आहोत. एक गळ, थोडा धागा, सशाची चिमूटभर लव आणि तांब्याची तार, एवढ्यावर.

[दृश्य : खोऱ्याचं विस्तृत चित्र. देवदार, लाकडी घरं, झुलता पूल.]

ही तीर्थन नदी. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात, बंजारच्या पुढे गुशैणी गाव लागतं, त्याच्या खालच्या अंगाला आपण उभे आहोत. नदी येते ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून. २०१४ साली युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पुढे लारजीला तीर्थन आणि सैंज दोघी ब्यासला मिळतात.

ट्राउट हा मासा मूळचा इथला नाही. साहेबाला थंड हवेच्या ठिकाणी घरच्यासारखा गळ टाकायचा होता, म्हणून युरोपातल्या तपकिरी ट्राउटची अंडी आधी काश्मीरमध्ये आली आणि १९०९ साली कुल्लूजवळ महिली इथे उबवली गेली. साहेब गेला, मासा राहिला. या नद्यांमध्ये स्नो ट्राउट नावाचा मासा मात्र अस्सल हिमालयातला आहे. नावात ट्राउट असलं तरी कुळ आपल्या रोहू-कटल्याचं. त्याच्या घरात हा पाहुणा शिरला, हेही सांगायला हवं. पाहुण्याची सगळीच गोष्ट काही गोड नाही.

मी स्वतः वाशिष्ठीच्या काठी गरवत वाढलो. बांबूची काठी, गरी, आणि माडाच्या आळ्यात खणून काढलेली गांडुळं. ट्राउट पकडायला लोक तासन्‌तास बसून पिसं आणि केस गळावर गुंडाळतात, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो निव्वळ श्रीमंतांचा चोचला वाटला होता. जिवंत गांडूळ फुकट मिळत असताना खोटी माशी कशाला बनवायची? या दगडाने मला त्याचं उत्तर दिलं. हा मासा दिवसभर जे खातो ते गांडूळ नाहीच.

[दृश्य : बशीतल्या पाण्यात अळ्या. वरून घेतलेलं चित्र.]

कॅडिसचा मोठा कीटक पतंगासारखा दिसतो. केसाळ पंख, आणि बसला की ते पाठीवर उतरत्या छपरासारखे मिटलेले. ते आयुष्य काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. त्याआधीचे महिनेच्या महिने जातात इथे, पाण्याखाली, अळी म्हणून.

पतंग-फुलपाखरं ही या कीटकांची अगदी जवळची भावकी. त्यामुळे रेशीम दोघांकडेही आहे. भंडारा-गडचिरोलीकडे झाडांवर कोसा होतो, त्या किड्यासारखीच ही अळीही तोंडाजवळून रेशीम काढते. फरक इतकाच की हिचं रेशीम पाण्यात, ओल्या दगडालाही चिकटतं. ओल्या जखमेवर बसेल असा डिंक करता येईल का, म्हणून शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करताहेत.

या रेशमाचं जो तो आपल्या परीने करतो. काही अळ्या वाळू, काड्या, पानांचे तुकडे चिकटवून अंगाभोवती नळी बांधतात आणि घर पाठीवर घेऊन हिंडतात. ह्यूबेर द्युप्रा नावाच्या फ्रेंच कलावंताने १९८० च्या दशकात अशा अळ्यांपुढे वाळूऐवजी सोन्याचे कण आणि मोती ठेवले. अळ्यांनी निमूटपणे सोन्याची घरं बांधली! हायड्रोसायकी या अळ्या घर पाठीवर घेत नाहीत. दोन दगडांच्या फटीत जाळं लावतात, वाहत्या पाण्यातून जे अडकेल ते खातात. वाहतं पाणी थांबलं की यांचं ताटच बंद. आणि ही आपली हिरवी, रायाकोफिला. हिला ना घर ना जाळं. नुसती दगडांवरून फिरत शिकार करते.

एवढी भक्कम धरून बसणारी अळी माशाला मिळते कशी? पाय सुटतो म्हणून. शिवाय दिवस मावळला की यातल्या बऱ्याच जणी आपणहून पकड सोडतात आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात, नवी जागा शोधायला. त्या वेळी ट्राउट तळाशी, दगडाच्या आडोशाला, येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. पाठीवर घर असलेली अळी आली तर तो घरासकट गिळतो. ट्राउटच्या पोटात वाळू आणि काड्या सापडतात त्या यामुळे.

म्हणजे आपली नक्कल दिसायला कशी हवी, हा नंतरचा प्रश्न. आधी ती तळाला जायला हवी. दुकानात पाय, मिशा, चकाकणारी पाठ असलेल्या सुंदर सुंदर अळ्या मिळतात. त्या मासा नाही, माणूस पकडतात. मीही पहिल्या वर्षी त्यांच्या गळाला लागलो होतो.

[दृश्य : खिडकीजवळचं टेबल. शिकंजात धरलेला गळ.]

चला, बसू या.

गळ चौदा नंबरचा. या धंद्यात आकडा वाढला की गळ लहान होतो, हे एकदा डोक्यात बसवून घ्या. दांडा वाकडा असलेला घ्या, कारण पकड सुटलेली अळी आखडून, धनुष्यासारखी होऊन वाहते. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो पक्कडीने आताच दाबून सपाट करायचा. मासा परत सोडायचा असेल तर हे हवंच. शिवाय तो गळ तुमच्या अंगठ्यात घुसला तर तोही सहज निघतो. घुसणार आहेच.

आता वजन. पितळी मणी ओवता येतो, टंगस्टनचा त्याहून चांगला. टंगस्टन शिशाच्या जवळपास पावणेदोन पट जड, त्यामुळे मणी बारीक राहून काम करतो. मी मणी न घालता दांड्यावर शिशाची बारीक तार गुंडाळायला शिकलो, दहा-बारा वेढे. आता ती सवय सोडली आहे. इंग्लंडमध्ये गळाच्या शिशाच्या गोळ्या हंसांच्या पोटात जाऊन ते मरायला लागले, तेव्हा १९८७ मध्ये अशा बहुतेक गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आली. शिशासारखीच मऊ, बिनविषारी तार आता मिळते. तीच घ्या.

[दृश्य : बॉबिनमधून सुटणारा धागा, अगदी जवळून.]

धागा घट्ट ओढून धरायचा. डोळ्यापासून सुरुवात करून वेढ्याला वेढा लावत गळाच्या वळणापर्यंत जायचं. डोळा म्हणजे गळाचं भोक, जिथे दोर बांधतात. इथे घाई केली तर पुढचं सगळं सैल पडतं. माझ्या पहिल्या डझनभर फ्लाय, म्हणजे अशा खोट्या माश्या, पाण्यात उलगडल्या. एकीचा तर नुसता गळ परत आला, जणू कोणी वाटेत कपडे काढून घेतले होते.

वळणाशी तांब्याची तार बांधून मागे लोंबत सोडा. जुन्या हेडफोनच्या वायरीत केसासारखी तार असते, ती चालते. ती सध्या तशीच राहू दे.

आता सशाची लव. चेहऱ्यावरची, कानाजवळची सगळ्यात चांगली, कारण तिच्यात मऊ लोकर आणि राठ केस दोन्ही असतात. आपल्याला हिरवट रंग हवा, म्हणून रंगवलेली घेतली आहे. धाग्याला मधमाशीच्या मेणाचा हात लावायचा. मग लवेची चिमूट, आणि चिमूट म्हणजे देवाला हळद-कुंकू वाहतो तेवढीच, धाग्यावर ठेवून अंगठा आणि तर्जनीत एकाच दिशेने वळायची. वाती वळतात तसं. आमच्या आजीने हे काम डोळे मिटून केलं असतं. मी जेवढी लव घ्यावी असं वाटतं तिच्या निम्मी घेतो, तरी जास्तच होते.

ही लवेची वात गळावर गुंडाळत पुढे यायचं. मागे बारीक, मध्ये भरलेली. डोळ्याच्या अलीकडे दोन मिलिमीटर जागा सोडा.

[दृश्य : बोटं, तार, वेढे.]

आता ती सोडून दिलेली तार. पाच-सहा वेढे, अंतर ठेवून, धाग्याच्या उलट दिशेने. तिने दोन कामं होतात : अळीच्या अंगावरचे कप्पे दिसतात, आणि माशाच्या दातांखाली लव सुटत नाही. पुढच्या जागेत गडद तपकिरी लवेचे दोन-तीन वेढे घाला. खऱ्या अळीचं डोकं आणि मान कठीण, काळसर असते. झालं शरीर.

पाठीवर चकाकी हवीच असा कोणाचा हट्ट असेल तर दुधाची पिशवी धुऊन तिची दोन मिलिमीटरची पट्टी कापा. ती तार गुंडाळायच्या आधी पाठीवर ताणून घ्यायची. चेक आणि पोलिश मंडळींच्या जड अळ्यांना अशी पाठ असते. ते लोक पट्टीसाठी लॅटेक्स वापरतात. आपल्याकडे रोज सकाळी दारात अर्ध्या लिटरची पिशवी येते!

शेवटी गाठ. पाच वेढ्यांची, धाग्याचं टोक स्वतःच्याच वेढ्यांखाली जाणारी. हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून मी गप्प बसतो. हात बघा.

[निवेदन थांबतं. फक्त गाठ. दोनदा, दुसऱ्यांदा संथ.]

गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब. बायकोचं घेतलं तर विचारून घ्या.

आणि आता, एवढं नीटनेटकं केल्यावर, सुईने ती बिघडवायची. पोटाकडचे राठ केस सुईच्या टोकाने थोडे उचकटून काढा. हेच पाय. पाण्यात ते हलतात. मघाच्या नीट बसवलेल्या अळीपेक्षा ही विस्कटलेली जास्त जिवंत दिसते.

[दृश्य : पुन्हा नदी. दुपार कललेली.]

इथे गळ टाकायचा तर हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. ट्राउट थंडीत अंडी घालतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण बंदी. या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पही येणार होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध लढले, म्हणून तीर्थन आजही मोकळी वाहते. जाळं लावून बसलेल्या त्या अळ्यांनाही असं वाहणारंच पाणी लागतं.

लांब, डौलदार फेक विसरा. दोर काठीच्या दीडपट पुरे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला अळी टाकायची, ती तळाला जाईस्तोवर थांबायचं, आणि काठीचं टोक तिच्याबरोबर खाली सरकवत न्यायचं. मध्ये मध्ये दगडाला लागल्याची टकटक हाताला कळली पाहिजे. ती कळत नसेल तर वजन कमी पडतंय. हिरवी अळी दगडावरून सुटते तेव्हा कधीकधी रेशमाच्या दोरीने लटकत खाली उतरते. काही जण म्हणून शेवटचा वीतभर दोर पांढऱ्या पेनाने रंगवतात. मी करून पाहिलं. माशाला काय वाटलं माहीत नाही, पण मला तो दोर नीट दिसायला लागला.

मासा ओढ देत नाही. दोर जरासा थबकतो, एवढंच. खोटं तोंडात आलंय हे त्याला क्षणात कळतं आणि तो थुंकून टाकतो. तेवढ्या वेळात काठी उचलायची.

[दृश्य : दोर थबकतो. काठी उचलली जाते. काहीच नाही.]

दगड.

[दृश्य : पुन्हा फेक. पुन्हा थबकणं.]

पुन्हा दगड. या वेळी अळी तिथेच राहिली. दुसरी बांधू या.

[दृश्य : सावल्या लांब झालेल्या. काठी उचलली जाते, वाकते.]

हा दगड नाही.

[दृश्य : ओल्या हातात ट्राउट. अंगावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडी.]

वीतभराचा आहे, जास्त नाही. हात आधी ओले केलेत, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. गळ ओठाच्या कोपऱ्यात, काटा नसल्यामुळे बोटाने सुटला. त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, दोन-तीनदा कल्ले हलवले, आणि गेला.

अळीची मात्र दशा झाली आहे. निम्मी लव उपटलेली, तार एका जागी सैल, डोक्याचा रंग गेलेला. नवी बांधायला खिशात हात घातला होता. मग दोर झटकला आणि हीच पुन्हा त्याच दगडाच्या वरच्या अंगाला टाकली.